चादरीचे दुसरे टोक

मित्रांनो, टेबलाला चार पाय असूनही ते कुठे जात नाही. जगच त्याच्याकडे चालत येते. मी असेच एक जुने टेबल आहे. अंगाने ऐसपैस, रंग उडालेले, एका पायाने अधू. एका सुताराने मला शिंप्यासाठी घडवले. शिंपी थकला, दुकान मिटले, तेव्हा मावशींनी मला आपल्या लाँड्रीत आणले. इथे लोक यंत्रात कपडे धुतात, सुकवतात आणि माझ्यावर घड्या घालतात. ऊनऊन चादर पाठीवर पडली की वाटते, देवाने शाल पांघरून आपला सत्कारच केला.

पूर्वी मात्र इथे अबोला असे. गल्लीतले जुने रहिवासी माझ्या खिडकीकडच्या बाजूला, दूरदेशाहून कामाला आलेले भिंतीकडच्या बाजूला. मधे मी. भांडण नव्हते हो, पण ओळखही नव्हती.

एकदा निवृत्त नर्सबाई भलीमोठी चादर एकट्याने सावरत होत्या. एक टोक धरावे तर दुसरे जमिनीवर लोळे. समोर भिंतीकडे एक परदेशी वेल्डर उभा होता. त्याने मुकाट्याने दुसरे टोक उचलले. पण बाईंनी दाराकडची कड यंत्रांकडे नेली आणि त्याने त्याच्या घरच्या सवयीने यंत्रांकडची दाराकडे. चादरीला हा पीळ बसला.

"अरे बाबा, चादर आहे ही, दोरखंड नाही," बाई म्हणाल्या.

त्याला शब्द कळले नाहीत, पीळ कळला. तो हसू लागला, मग बाईही. त्यांनी दाराकडे मान हलवून माझ्यावर बोटाने एक टकटक केली, म्हणजे आधी ती कड. दोन टकटक, म्हणजे आता जवळ ये. घडी अशी बसली की इस्त्रीने मान खाली घालावी.

तेव्हापासून ती टकटक साऱ्यांचीच बोली झाली. भजनात सूर न जुळणाराही ठेका धरतो ना, तसे. कोण कुठल्या बाजूचे, हे मलाही उमगेनासे झाले. हे भाग्य माझ्या लाकडाच्या वाट्याला आले, देवाचे उपकार कसे फेडू?

पण एके दिवशी मावशींचा भाचा म्हणाला, "मावशी, हे धूड नुसती जागा अडवतंय. इथे कपडे सुकवायचं नवं यंत्र बसेल. याला जळणाला देऊन टाकू."

"मग घड्या काय तुझ्या डोक्यावर घालायच्या?" नर्सबाईंनी विचारले.

"तुम्हीच दाखवा दुसरी जागा."

बाईंनी चहूकडे पाहिले, रिकामा कोपरा दिसला नाही.  नवे यंत्र आल्याखेरीज धंदा तगणार नव्हता, हेही खरेच. मी मनात देवाचे नाव घेतले.

वेल्डर कपडे धुण्याच्या जुन्या यंत्राकडे टक लावून पाहत होता. एव्हाना चार शब्द शिकला होता. हाताने वर दाखवत म्हणाला, "खाली जुना. वर नवा. मी लोखंड करतो."

रविवारी तो लोखंडी सांगाडा घेऊन आला. भाच्याने तो गदागदा हलवून पाहिला. तसूभर हलला नाही. नवे यंत्र जुन्याच्या डोक्यावर जाऊन बसले. उरलेल्या लोखंडाची पट्टी वेल्डरने माझ्या अधू पायाला ठोकली.

"हा म्हातारा," तो मावशींना म्हणाला, "काठी पाहिजे."

नव्या यंत्रातून पहिले ब्लँकेट निघाले, तेव्हा ते भाच्याला एकट्याला आवरेना. त्याने इकडेतिकडे न पाहता माझ्यावर एक टकटक केली. दुसरे टोक कोणीतरी धरले. कोणी, ते मला दिसले नाही. ब्लँकेट फार मोठे होते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला जळण म्हणण्याआधी तिच्याभोवती कोण कोण उभे राहते, ते जरा पाहा. आणि समोरच्याची बोली येत नाही म्हणून घडी अर्धी सोडू नका. माझी पाठ आहेच. टकटक करा.