छताचं काम

“त्या सुईनंच वाटोळं केलं हो, दादा!” धाकट्याची बायको चहाचा कप पुढ्यात आदळत म्हणाली. “मानेत सुई म्हणजे काय खेळ आहे का?”

थोरल्यानं मान डोलावली आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

दोघे भाऊ रंगारी. थोरला कामं धरायचा, भिंती करायचा. छत मात्र धाकट्याचं. रोलरची एकही रेघ न दिसणारं छत त्याच्यासारखं कुणाला जमत नसे. वर्षानुवर्षं मान मागे टाकून ती अशी धरली, की दुखणं पार बोटांपर्यंत उतरलं.

डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं होतं. इंजेक्शननं सूज उतरेल, काही आठवडे, नशीब असेल तर काही महिने आराम पडेल. कुणाकुणाला काहीच फरक पडत नाही. जंतुसंसर्ग, नसेला इजा, हे क्वचितच, पण होऊ शकतं. “आणि दुखायचं थांबलं म्हणजे मान बरी झाली असं समजू नका. तेवढ्या आरामात व्यायाम करायचा. वर बघायचं काम बंद.”

इंजेक्शन लागू पडलं. धाकट्याला शांत झोप लागू लागली, कामावर शीळ ऐकू येऊ लागली. आणि थोरल्याला मोह आवरला नाही. एका दिवाणखान्याचं छत अर्धवट पडलं होतं, घरमालक डोकं खात होता.

“आता ठणठणीत झालास की! तेवढं छत उरकून टाक.”

धाकट्यानं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि शिडी उचलली. संध्याकाळी रोलर त्याच्या हातातून गळून पडला. उजव्या हातात जोर कितपत परत येईल, हे आता डॉक्टरही सांगेनात.

“सुईला उगाच नावं ठेवू नकोस,” आतल्या खोलीतून धाकटा बायकोला म्हणाला. “तिनं मला झोप दिली.”

थोरला चहा तसाच ठेवून आत गेला. “मीच तुला चढवायला नको होतं रे. डॉक्टर म्हणाले होते...”

“मीही तिथंच बसलो होतो ना, दादा.”

“मग चढलास कशाला?”

“तू म्हणालास म्हणून.”

त्याच्या आवाजात राग असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी थोरला स्वतः शिडीवर चढला. धाकटा घरी बसेना; मानेला आधाराचा पट्टा बांधून खाली पालथ्या बादलीवर येऊन बसला. दुपारपर्यंत थोरल्याच्या मानेची आग आग झाली. रोलरच्या रेघा लपता लपेनात.

“कसं दिसतंय रे?” त्यानं वरूनच विचारलं.

पट्ट्यानं धाकट्याची हनुवटी घट्ट धरली होती. समोरच्या भिंतीकडे बघतच तो म्हणाला, “झकास, दादा. एक रेघ दिसत नाही.”