बाजाराच्या दिवशीचं पाणी

मी पोहोचले तेव्हा गोणपाटावर पालकाच्या अकरा जुड्या होत्या, कोथिंबिरीच्या सोळा, वांगी अंदाजे चार किलो, भेंडी त्याच्या निम्मी, एक तराजू, पाच वजनं आणि दोन लिटरची पाण्याची बाटली, काठोकाठ भरलेली. या सगळ्याच्या मधोमध माझ्या सासूबाई, चतुराबाई, आडव्या होत्या. कुणीतरी त्यांचे पाय रिकाम्या क्रेटवर ठेवले होते.

"तू काऊन आली वं?" डोळे उघडून त्यांनी मलाच विचारलं. "घरी भाकरी कोन टाकन?"

"आई, तुम्ही पडल्या म्हनून फोन आला."

"पडली नाई. बसली."

"बसली म्हने!" शेजारच्या गोणपाटावरून सुमित्राबाई म्हणाल्या. फोन त्यांनीच केला होता. "वांगे द्याले उठली, डोये पांढरे केले अन् धाडकन माह्या मिरच्यांवर आली. अर्धा किलोची चटनी केली हिनं, बिना मिठाची."

मी बाटली उघडून आईंच्या तोंडाला लावली. दोन घोट घेऊन त्यांनी ती बाजूला सारली. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मार्चचा शेवटचा आठवडा होता आणि वरच्या ताडपत्रीतून ऊन पिवळं होऊन खाली येत होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमनी हृदयाची ईसीजी पट्टी काढली, रक्त तपासलं, साखर पाहिली. घाबरण्यासारखं काही निघालं नाही. महिन्याभरापूर्वीही आईंना अशीच चक्कर आली होती, तीही बाजाराच्या दिवशी, हे मी सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "घरी बीपी मोजत जा. आधी बसून, मग उभं राहून. वरच्या आकड्यात वीसहून जास्त उतार पडला, तर तेच कारण."

कैलासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारणाची गरज नव्हती. त्याने त्याच संध्याकाळी निकाल दिला.

"बस झालं आता. एकोणतीस वर्ष केला बाजार. मी भाजी ठोकवाल्याले देऊन टाकीन."

 आई पालकाची जुडी बांधत होत्या. ती बांधून झाल्यावर त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

पवनारला धाम नदीच्या अंगाला आमचं दीड एकर आहे. त्यातली भाजी घेऊन आई दर आठवड्याला बसने बाजाराला जातात. सासरे गेले त्याच्या पुढच्या आठवड्यातही त्या गेल्या होत्या. बाजारात त्यांची जागा आहे, चार फूट बाय तीन फूट, रस्त्याच्या कडेची. तिचा कुठे कागद नाही. लागोपाठ तीन बाजार जागा रिकामी राहिली की ती गेली, असा तिथला नियम, आणि तो सगळे पाळतात. पहिला बाजार चुकला. दुसरा चुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमित्राबाईंचा फोन आला.

"चतुरा, तुह्या जागेवर म्या दोन विटा ठेवल्या होत्या. पन ओमप्रकाशचा लसून सरकून राह्यला वं. काल एक वीट पार त्याच्या पोत्याखाली गेली."

"काय म्हंते तो?"

"म्हंते, काकीनं आता आराम केला पाह्यजे."

"त्याच्या मायले सांग म्हना आराम कराले," आई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग ओसरीत जाऊन एकट्याच बसल्या.

तोपर्यंत मी मशीन आणून घरी बारा दिवस आईंचं बीपी मोजत होते, सकाळी आणि दुपारी. चोवीस वेळा. बसून आणि उभ्याने यांतला फरक एकदाही नऊच्या वर गेला नव्हता. मी विज्ञान शिकले आहे. एकच माणूस एका ठिकाणी पडतं आणि दुसऱ्या ठिकाणी पडत नाही, तर त्या दोन ठिकाणांत काहीतरी वेगळं असलं पाहिजे. ऊन? शेतातही तेच ऊन होतं. बसणं? तण निंदताना त्या त्याहून जास्त वेळ बसत.

"बाजाराच्या दिवशी पाणी किती नेतात आई?" मी कैलासला विचारलं.

"दोन लिटर. मीच भरून देतो ना सकाळी साडेचारले. संध्याकाळी बाटली रिकामी येते."

पण मी ती दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी काठोकाठ भरलेली पाहिली होती.

आई भेंडी निवडत होत्या. मी समोर जाऊन बसले.

"आई, ते बाटलीतलं पानी कुठं जाते?"

"भाजीवर मारते. चार वाजता. सुकलेली भाजी कोन घेते?"

"अन् तुम्ही काय पेता?"

"मी काय पालक हाओ का सुकाले?"

मी हसले नाही. त्यांनी थोडा वेळ भेंडीची देठं मोडली. मग मान वर न करता म्हणाल्या, "पेलं की जा लागते. जाऊ कुठं? मानसं भिंतीमागं जातेत. आम्ही कुठं जाव? आदल्या संध्याकाळपासूनच कमी करते. सकाळी अर्धा कप चहा, बस. सुमित्राचंबी तसंच. साऱ्याजनींचं तसंच. तुले काय वाटलं, आम्हाले तहान नाई लागत?"

कैलास दारात होता, हातात फवारणीचा पंप. तो कधी आला ते आम्हा दोघींनाही कळलं नव्हतं. त्याने पंप खाली ठेवला.

"आई, मले सांगितलं काऊन नाई?"

"पोराले हे सांगतेत का?"

 लहानपणापासून बाजाराच्या दिवशी ती बाटली तोच भरत आला होता.

दुसऱ्या दिवशी मी आईंना म्हटलं, आज घरी बाजार करायचा. अर्धा कप चहा, मग दोन वाजेपर्यंत काही नाही, अंगणात गोणपाटावर बसायचं. त्यांना गंमत वाटली. कैलासला नाही, पण तो शेतात गेला नाही.

दोन वाजता बसून ११६/७२. उभ्याने, एका मिनिटानंतर, ८८/५६.

"अंधार येऊन राह्यला वं," आई म्हणाल्या. कैलासने एक दंड धरला, मी दुसरा. आम्ही त्यांना खाली बसवलं. त्यांचा हात थंड आणि ओला होता. अठ्ठावीसचा फरक. मी मोजून दोन ग्लास पाणी दिलं, चारशे ऐंशी मिलिलिटर. अर्ध्या तासाने पुन्हा. बसून १२४/७६, उभ्याने ११०/७०. फरक निम्म्यावर आला होता.

डॉक्टर मॅडम फोनवर आधी माझ्यावर ओरडल्या. घरात असले प्रयोग पुन्हा करायचे नाहीत. मग आकडे परत सांग म्हणाल्या. मग समजावलं: दिवसभर पाणी नसलं की रक्तच कमी पडतं, आणि उभं राहिलं की ते पायांकडे उतरतं. पाणी प्यायलं की ती तूट भरून निघते. पण त्याआधीच, ते पोटात गेल्याबरोबर, शरीर रक्तवाहिन्या थोड्या आवळून घेतं. उतारवयात हे जास्त दिसतं, साधारण अर्ध्या तासात. दिवसभर थोडं थोडं पाणी, आणि उठताना घाई नाही. बाजाराला त्यांची मनाई नव्हती.

मी आईंना हे माझ्या शब्दांत सांगितलं.

"म्हंजे मोटर चालू केली की पाइप ताठ होते, तसं?"

"जवळपास तसंच."

"मंग एवढं इंग्रजी शिकून काय केलं तुम्ही? पाइप म्हना ना सरळ."

कैलासने अट घातली. तिसऱ्या बाजाराला मी सोबत जायचं. दोन वाजता मोजायचं, सगळ्यांसमोर. वीसच्या वर उतरलं तर आईंनी त्याच दिवशी जागा सोडायची.

"मंजूर," आई म्हणाल्या.

आता पाणी प्यायचं म्हणजे जायला जागा हवी. बाजारासमोर रस्ता ओलांडला की सपनाचं ब्यूटी पार्लर आहे. हिरवट काचेचं दार, बाहेर कुंड्या. तिथे सोय असणार हे सगळ्याजणींना ठाऊक होतं आणि आजवर तिथे कुणी गेली नव्हती.

"मी विचारून येते," मी म्हटलं.

"नाई. माह्यं मी इचारीन."

पण तिसऱ्या बाजाराच्या दिवशी साडेनऊ वाजले तरी त्या जागेवरच होत्या. अधूनमधून त्या काचेकडे बघत, मग स्वतःच्या पायांकडे. पहाटे भेंडी तोडतानाचा चिखल टाचांवर वाळला होता.

"जा ना वं," सुमित्राबाई ओरडल्या. "जाशीन तं फेशियलबी करून येजो. ओमप्रकाश वळखनार नाई तुले."

लसणाच्या पोत्यामागून ओमप्रकाश म्हणाला, "काकी, त्या विटा सरकल्या तं मले दोष देऊ नोका. म्या तुमची जागा धरून ठेवली होती."

"पोत्याखाली धरली होती का रे?" आई म्हणाल्या. सगळे हसले, तोही.

मग आईंनी कोथिंबिरीची एक जुडी उचलली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. ताजा, टवटवीत. दोन पावलं जाऊन त्या थांबल्या, मागे वळल्या आणि जुडी जागेवर ठेवली.

"काऊन?" मी विचारलं.

"सांभार देऊन नाई मागाचं हे. नुसतं इचाराचं."

त्या रिकाम्या हाताने रस्ता ओलांडून गेल्या. दाराशी चपला काढल्या. पदराने टाचा पुसल्या, एक, मग दुसरी. दार आतून उघडलं. सपनाच्या दातांत दोरा होता, कुणाच्या तरी भुवया अर्ध्यावर असणार. आई काहीतरी म्हणाल्या. इतक्या लांबून मला ऐकू आलं नाही. सपनाने दातांतला दोरा काढला. मग दार मिटलं.

सहा मिनिटं लागली.

"काय म्हनली?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"म्हनली, काकू, मागच्या बाजूले हाये. कडी जोरानं लावा, अडकते." आई हळूच खाली बसल्या, पदर सारखा केला. "अन् म्हनली, इतके वर्ष समोरच बसता, आल्या काऊन नाई?"

 मग आईंनी दोन ग्लास पाणी लागोपाठ प्यायलं, तिसरा भरला आणि सुमित्राबाईंपुढे धरला. सुमित्राबाईंनी काचेच्या दाराकडे पाहिलं, ग्लासाकडे पाहिलं आणि डोळे मिटून एका दमात तो संपवला.

दीड वाजता आईंनी पुन्हा दोन ग्लास घेतले. पावणेदोनला कैलास आला. गाडी उन्हातच लावून तो आमच्यामागे येऊन उभा राहिला. दोन वाजता मी आईंच्या दंडावर पट्टा बांधला. चार-पाच गिऱ्हाइकं थांबली.

"काय मोजून राह्यले हो?" एका बाईने विचारलं.

"हिचा भाव," सुमित्राबाई म्हणाल्या. "वाढला का उतरला ते पाहून राह्यले."

मी आईंना बोलू नका असं सांगितलं. बसल्याचा आकडा वहीत लिहिला. मग त्या उठल्या, आधी एक गुडघा, मग हात मांडीवर, मग सरळ. कैलासने त्यांच्या पाठीमागे हात धरला होता, न टेकवता. मी घड्याळ लावलं.

पहिलं मिनिट. ताडपत्री फडफडत होती. आईंनी डोळे उघडे ठेवले होते, समोरच्या रस्त्यावर.

दुसऱ्या मिनिटात कुणीतरी विचारलं, "मावशी, वांगे कसे दिले?" आई बोलल्या नाहीत. गिऱ्हाइकाने तेच पुन्हा विचारलं.

"चाळीस रुपये किलो," ओमप्रकाशने आपल्या जागेवरून सांगितलं. "काटेरी हायेत, आजच तोडले. थांबा जरासे, त्या कामात हायेत."

तिसरं मिनिट संपलं. मी बटण दाबलं. पट्टा फुगला, आणि हळूहळू सुटत गेला.

बसून: १२८/७८. उभ्याने, तीन मिनिटांनी: १२०/७६.