आगवाल्याचा बिघडलेला फोटो

मित्रांनो, मी एक जुना फोटो आहे. वय तसं फार नाही, पण कडा पिवळ्या पडल्या की फोटोला म्हातारं ठरवायला कुणी पंचांग बघत नाही. बारामती स्टेशनात उभं असलेलं छोट्या गाडीचं इंजिन माझ्यात आहे. ही गाडी दौंडहून येते. मधेच उतरून ऊस मोडून घेतला तरी पुन्हा चढता येतं, अशी लोक तिची थट्टा करतात.

माझा जन्म एका गोऱ्या साहेबाच्या हौसेतून झाला. त्याला वाफेच्या इंजिनांचं वेड होतं. तिपाईवर कॅमेरा लावून तो सकाळपासून उभा होता आणि माणूस दिसला की हातानं बाजूला सारत होता. त्याला हवं होतं निव्वळ इंजिन. स्टेशनातले पार्सलबाबू मोहनरावही त्याच वेडाचे, तेही त्याच्यासाठी लोकांना हाकलत होते. तेव्हा फोटो काचेवर घेत. शेवटची काच कॅमेऱ्यात लावली, तेवढ्यात म्हस्कू आगवाला, म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा गडी, तोंड धुऊन, फेटा बांधून इंजिनाला टेकून उभा राहिला. साहेबाच्या मते ती काच वाया गेली. पुण्याला गेल्यावर त्यानं तिच्यावरून एकच फोटो छापून मोहनरावांच्या हाती म्हस्कूला पाठवला आणि काच फोडून टाकली. तो बिघडलेला फोटो म्हणजे मी.

म्हस्कूनं मला घरात भिंतीवर लावलं. मित्रांनो, तेव्हाचा माझा रुबाब विचारू नका. आल्यागेल्याला तो मला दाखवायचा आणि स्वतःकडे बोट न करता इंजिनाकडे करायचा. माणूस भोळा सांब होता.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हातातल्या हत्याराची पूजा करायची. म्हस्कूचं इंजिन दुरुस्तीला दौंडात अडकलेलं. पूजा चुकायला नको म्हणून त्यानं मला पाटावर ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि झेंडूचा हार घातला. त्याची बायको धोंडाबाई नैवेद्य घेऊन आली आणि जागीच थबकली.

"अवो, जित्या माणसाच्या फोटूला हार? डोकं ठिकाणावर हाय का न्हाय?"

"हार इंजनाला घातलाय," म्हस्कू हसत म्हणाला. "मी आपला शेजारी हुबा हाय."

धोंडाबाईला हसू आलं नाही. तेव्हा ती पोटुशी होती. हार मेलेल्या माणसाच्याच फोटोला घालतात, हे तिनं जन्मभर पाहिलेलं. नवरा घराबाहेर पडताच तिनं कात्री घेतली आणि म्हस्कूला हाराखालून सोडवायचं म्हणून माझ्यातून कापून काढलं. मी ओरडलो असतो, पण कागदाला कुठला आवाज! कापलेला म्हस्कू तिनं ज्वारीच्या कणगीत खोल पुरला. धान्याच्या राशीत ठेवलेला माणूस उदंड जगतो, अशी तिची समजूत. वेडी माया, दुसरं काय?

त्याच थंडीत म्हस्कू तापानं गेला. दिवसकार्य उरकल्यावर धोंडाबाईनं कणगी उपसली. उंदरांनी फोटोचा भुगा केला होता. "मीच कापलं त्यास्नी," म्हणून ती कपाळ बडवत राहिली. तापानं गेला गं बाई, तुझ्या कात्रीनं नाही, असं मला तिला सांगायचं होतं. कसं सांगणार?

पोरगी झाली, तिचं नाव गोजर. ती बोलायला लागली आणि बाप कसा होता म्हणून विचारू लागली.

मोहनरावांच्या ओसरीवर रविवारी इंजिनांचे हौशी जमत. इंदापूरचे एक मास्तर, सांगवीचे एक बागाईतदार, सगळे आपापले फोटो पसरत आणि जुन्या आठवणी काढत. एका रविवारी धोंडाबाई मला पदराखाली आणि गोजरला कडेवर घेऊन तिथं गेली.

"मोहनराव, तुमच्यापाशी इतकं फोटू हायती. ह्यांचं तोंड कशात तरी आलं आसंल. बघता का जरा?"

सगळ्यांनी मनापासून शोधलं. चाकं सापडली, धुरांडी सापडली, एका फोटोत म्हस्कूचं कोपरही सापडलं. चेहरा कुठंच नव्हता. मोहनरावांनी मान खाली घातली. मास्तरांचं लक्ष मात्र माझ्यावर खिळलं होतं.

"बाई, हा फोटो आम्हाला द्याल? इंजिन काय सुरेख आलंय!"

"द्येते की," धोंडाबाई म्हणाली. "पर आदी माज्या पोरीला सांगा, तिचा बाप दिसायला कसा व्हता. माज्याबी डोळ्यांपुढं आता त्यांचं तोंड येईना. सपनात येत्यात, पर तोंड फिरवून."

त्या इंजिनाची शिट्टी कशी वाजायची, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. म्हस्कूचा चेहरा मात्र कुणाला आठवेना.

"उंच होता," अखेर मोहनराव म्हणाले. "फेटा बांधायचा."

"फेटा तर समदेच बांधत्यात," म्हणत तिनं मला उचललं आणि ती घरी आली.

मित्रांनो, फोटो जपून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी एवढंच विनवतो, की हौसेनं इंजिनाचे फोटो काढा, पण शेजारी उभ्या माणसाला बाजूला सारू नका. त्याचं नाव विचारा, त्याला नीट बघून घ्या. उजव्या भुवईवर ठिणगीचा डाग, पुढचा एक दात किंचित आडवा, आणि हसू आधी डोळ्यांत यायचं. म्हस्कू असा होता. गोजर मला रोज हातात धरून विचारते, आणि मला तिला सांगता येत नाही.