दशांशानंतरचा आकडा

पावसाच्या वहीत ग्रेगरच्या हातच्या नोंदी अठ्ठेचाळीस होत्या, सगळ्या शनिवारच्या. त्यांपैकी पंधरा दिवस कोरडे. उरलेल्या तेहतीस नोंदींत दशांशानंतरचा आकडा बावीस वेळा शून्य होता, नऊ वेळा पाच, आणि दोनदा दुसरं काहीतरी: एकदा तीन, एकदा आठ. हे दोन्ही गेल्या ऑक्टोबरातले. त्यानंतर वर्षभर नुसते शून्य आणि पाच.

एल्स्पेथने पुन्हा मोजलं. तेवढेच.

मग तिने स्वतःच्या नोंदी मोजल्या. पावसाचे दोनशे बारा दिवस, आणि शेवटी शून्य आलेलं एकवीस वेळा. म्हणजे साधारण दहात एक, जसं यायला हवं तसं. शनिवारी तेवढा लॉख नेव्हेन तळ्याच्या काठचा पाऊस अगदी शिस्तीत, मोजूनमापून पडत होता.

ही नोंद तिच्या वडिलांनी सुरू केली होती. रोज सकाळी नऊला परसातल्या पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या अरुंद नळीत ओतायचं, पाणी कुठल्या रेघेला आहे ते बघायचं आणि वहीत लिहायचं. एकोणतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. वडील गेले त्या दिवशीसुद्धा तिने रडत रडत चार पूर्णांक सहा लिहिलं होतं. फक्त शनिवारी ती मैत्रिणींबरोबर तळ्यावर पोहायला जाई, म्हणून तो एक दिवस नवऱ्याकडे, ग्रेगरकडे होता.

"शनिवारी नऊ वाजता बाबा कुठे असतात गं?" तिने सोळा वर्षांच्या कर्स्टीनला विचारलं.

"मला काय माहीत? मीच झोपलेली असते." कर्स्टीनने फोनवरून मान वर केली. "का? पाळत ठेवायची आहे का त्यांच्यावर?"

"सहज विचारलं."

"तू सहज कधीच काही विचारत नाहीस, आई."

खरंच होतं ते. एल्स्पेथच्या मनात आता एकेक गोष्ट वर यायला लागली. मे महिन्यात ग्रेगर चालवतो त्या शाळेच्या बसचा डावा आरसा फुटला होता, तेव्हा ग्रेगर म्हणाला होता, वाऱ्याने फाटक आपटलं. त्या दिवशी वारा होता का? तिने वही चाळली. तिच्याच हातचा शेरा होता: 'शांत, धुकं.' आणि गुरुवारचं डार्ट्स, ते चकतीवर बाण मारणं? बारा वर्षं चुकवलं नव्हतं, ते फेब्रुवारीपासून बंद. विचारलं तर म्हणे, "त्या माणसांचा कंटाळा आला." ज्या माणसांबरोबर तो शाळेत होता, त्यांचा?

पावसाबद्दल खोटं लिहिणारा माणूस आणखी कशाकशाबद्दल खोटं बोलत असेल?

शनिवारी पोहून झाल्यावर चौघी काठावरच्या गोट्यांवर बसल्या होत्या. लोकरीच्या टोप्या, निळे पडलेले ओठ, हातात गरम चहाचे पेले. एल्स्पेथने हळूच ऊनाला सगळं सांगितलं. ऊना तिची शाळेपासूनची मैत्रीण, तिच्यापासून काही लपत नसे.

हसता हसता ऊनाचा चहा सांडायचा राहिला. "बाकीच्या बायकांना नवऱ्यावर संशय घ्यायला निदान कॉलरवरचा डाग तरी लागतो. तुला दशांशचिन्ह पुरलं!"

"हसू नकोस. तो आकडे बनवतोय."

"अगं, आळशी झालाय. पांघरुणातून खिडकीबाहेर बघतो आणि देतो ठोकून. आमचा तर मुलांचे वाढदिवससुद्धा असेच अंदाजाने सांगतो."

"मग मला तेच बघायचंय," एल्स्पेथ म्हणाली. "पांघरुणातून की परसातून."

पुढच्या शुक्रवारी आकाश निरभ्र होतं, रात्रभर थेंब पडला नाही. शनिवारी सकाळी ग्रेगर उठायच्या आत ती बूट चढवून परसात गेली. नळीत नळाचं पाणी भरलं, विजेरी लावून दोनदा बघितलं, सात पूर्णांक तीन मिलिमीटर, आणि ते पर्जन्यमापकात ओतलं. ओतताना तिचा हात थांबला. वडिलांच्या वहीत आज खोटा पाऊस नोंदला जाऊ शकत होता आणि तो तिनेच पाडलेला. तरीही तिने शेवटचा थेंब झटकला.

तिचा हिशोब सरळ होता. अंथरुणातून लिहिलं तर शून्य येईल. बाहेर जाऊन मोजलं तर सात पूर्णांक तीन.

पोहून आल्यावर टॉवेलसुद्धा न ठेवता तिने वही उघडली. ग्रेगरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ७.५.

ती ओल्या केसांनी तशीच स्वयंपाकघरात बसून राहिली. म्हणजे तो गेला होता. पाणी नळीत ओतलं होतं, नळी डोळ्यांसमोर धरली होती. आणि नळीवरच्या रेघांपैकी त्याला फक्त लांब रेघा दिसल्या होत्या, पूर्णाच्या आणि अर्ध्याच्या. मधल्या बारीक रेघा त्याच्यासाठी नव्हत्याच.

संशय ग्रेगरवरून उठला आणि ग्रेगरच्या डोळ्यांवर जाऊन बसला. तिथे तो जास्तच जड झाला. कारण सोमवार ते शुक्रवार, तळ्याच्या काठाने जाणाऱ्या एकपदरी रस्त्यावर, ग्रेगर चौदा मुलांची बस चालवत होता.

संध्याकाळी उजेड असतानाच जेवायला बसले. खिमा आणि बटाटे होते. तिने वाढता वाढता विचारलं, "डोळे कधी दाखवलेस शेवटचे?"

"पन्नाशीच्या तपासणीला. डॉक्टर म्हणाला, घारीचे डोळे आहेत."

"त्याला चार वर्षं झाली."

"घार काय चार वर्षांत म्हातारी होते?" त्याने बटाट्यावर लोणी फासलं. "पुढची तपासणी पंचावन्नला. तेव्हा बघतील की. आज एकदम काय काढलंस?"

"ती ऊनाची व्हॅन उभी आहे ना रस्त्यापलीकडे, तिचा नंबर वाच बघू."

त्याने खिडकीकडे मान वळवली आणि एका दमात, न अडखळता, सगळी अक्षरं आणि आकडे सांगितले. अगदी बरोबर. "झालं समाधान, बाईसाहेब?"

एल्स्पेथला हायसं वाटणार, तेवढ्यात कर्स्टीन तोंडातला घास न गिळताच बोलली, "त्यात काय! बाबांना गावातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत. आमच्या मुख्याध्यापकांच्या जुन्या गाडीचासुद्धा."

"तू जेव," ग्रेगर म्हणाला. जरा जास्तच पटकन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रविवार. एल्स्पेथने समुद्रावर जायची टूम काढली. चाळीस मैल लांब, जिथे ओळखीची एकही गाडी नसेल अशा ठिकाणी. कर्स्टीनला परीक्षेचा अभ्यास होता. "मी चालवते," असं म्हणून तिने किल्लीसाठी हात पुढे केला, आणि वाद घालायच्या तयारीनेच केला. पण ग्रेगरने किल्ली मुकाट्याने तिच्या हातात ठेवली. वीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच होत होतं.

वाटेत तो खूप बोलला. मेंढ्यांबद्दल, लोकरीच्या भावाबद्दल, मेव्हण्याच्या नव्या बोटीबद्दल. रस्त्यावरच्या एकाही पाटीबद्दल बोलला नाही.

किनाऱ्यावरच्या वाहनतळात चार गाड्या होत्या. कडेला एक निळी कॅम्परव्हॅन, माणसं वाळूत गेलेली. एल्स्पेथने आपल्या गाडीच्या डिकीतून मोजायची फीत काढली, बागेची, तीस मीटरची.

ग्रेगर हसला. "वाळूचा किल्ला बांधायचाय का?"

"ग्रेगर, त्या निळ्या गाडीची नंबरपाटी वीस मीटरवरून वाचता यायला हवी. कायदा आहे. तुला माझ्याहून चांगला माहीत आहे."

त्याचं हसू गेलं. "म्हणजे एवढ्या लांब मला परीक्षेला आणलंस?"

"हो."

"वा! माझ्यावर विश्वास नाही तुझा."

"काल पर्जन्यमापकातलं पाणी मी ओतलं होतं. सात पूर्णांक तीन. तू साडेसात लिहिलंस."

तो गर्रकन तिच्याकडे वळला. "तू ओतलंस? अगं, रात्रभर चांदणं होतं आणि भांड्यात पाणी. मी परसात उभा राहून आभाळाकडे बघत होतो. मला वाटलं माझं डोकंच फिरलं!"

"मग तरी लिहिलंस?"

"भांड्यात असेल ते लिहायचं, असं तुझे वडीलच सांगायचे ना? मी बनवून लिहिलं नाही, एल्सी. एकदाही नाही. दिसलं तेवढं लिहिलं."

"आणि बसचा आरसा?"

तो समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं, निदान तिने तसं धरलं.

"फाटकाचा खांब होता," तो शेवटी म्हणाला. "बस रिकामी होती. मुलं गाडीत असताना मी गोगलगायीसारखा जातो. सगळी वळणं पाठ आहेत मला."

"वळणं पाठ असतील. समोरून येणारं पाठ नसतं."

तिने मोजून वीस मीटरवर बुटाच्या टाचेने खडीत रेघ ओढली. तो येऊन त्या रेघेवर उभा राहिला, शाळकरी मुलासारखा, हात बाजूला घेऊन.

"वाच."

"पहिलं अक्षर एस."

"इथल्या बहुतेक गाड्यांचं पहिलं अक्षर एसच असतं, ग्रेगर."

"बरं. मग..." त्याने डोळे बारीक केले. "गाडी निळी आहे."

ती हसली नाही. तोही नाही.

"उद्या सकाळी आठला मला मुलं घ्यायची आहेत," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"शाळेला काय सांगायचं?"

"आधी पुढे चालत ये. जिथे नीट दिसेल तिथे थांब. अंदाज करू नकोस. दिसेल तेच सांग."

तो निघाला. एक पाऊल, थांबून बघणं, पुन्हा एक पाऊल. एकदा त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. एल्स्पेथ नंबरपाटीच्या बाजूला उभी होती आणि पाटीकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, कारण अजूनही तिला खात्री नव्हती की तो गाडीतून उतरल्यावर जवळ जाऊन नंबर बघून आला नसेल. पण त्याच्या कपाळावरच्या आठ्या खऱ्या होत्या.

मग तो थांबला, आणि एकेक अक्षर, एकेक आकडा, हळूहळू वाचत शेवटपर्यंत गेला. तिने पाटीकडे बघितलं. सातही बरोबर.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाही हलत. मोज."

तिने फितीचं टोक कॅम्परव्हॅनच्या मागच्या बंपरखाली दगडाने दाबलं, फीत ताणत त्याच्यापर्यंत नेली आणि त्याच्या बुटाच्या पुढच्या टोकाला लावली. तो खाली वाकला नाही. वाचायचं काम तिचं होतं.

अकरा मीटर साठ सेंटिमीटर.