कानसेनचा मिक्सर

मी मिक्सर बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे. तो माझ्यापेक्षा जास्त ओरडतो, पण त्याला टाळ्या मिळत नाहीत. मी रॉक कॉन्सर्टमधला मिक्सर. गाणाऱ्याचा गळा, गिटार, ड्रम, सगळ्यांचे आवाज वायरींमधून आधी माझ्याकडे येतात. कुणाला किती वर ठेवायचं, कुणाला मागे, ते माझ्यावरच्या बटणांनी ठरतं आणि मगच स्पीकरमधून तुमच्यापर्यंत पोचतं. ठरवणारा मात्र मी नव्हे. बोटं दुसऱ्याची असतात.

माझा जन्म कारखान्यातला. तिथल्या एका कामगार बाईनं माझी शंभरावर बटणं एकेक करून बसवली आणि प्रत्येक फिरवून पाहिलं. कामाला फार चोख होती. तिनं बसवलेलं एकही बटण आजवर ढिलं झालेलं नाही. तिथून खोक्यात बसून मी त्या बोटांच्या मालकाच्या घरी आलो.

त्याला सगळे कानसेन म्हणत. तो रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात वाढलेला. ड्रमचा एखादा स्क्रू सैल असला, तरी त्याला गर्दीच्या पलीकडून कळायचं. बँड चौघांचा होता. गायक त्याचा शाळासोबती; आवाज असा दणदणीत की त्याचं नाव भोंगा पडलं होतं. भोंगा म्हणायचा, "मी कसाही गातो, पण लोकांना कानसेनच्या मनात असेल तसाच ऐकू येतो. म्हणून त्याच्याशी कधी भांडत नाही."

एका कॉन्सर्टची आठवण अजून ताजी आहे. भर दुपार, उघडं मैदान. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर वीज गेली. मी मेल्यासारखा झालो. स्टेजवर भोंगा नुसताच तोंड हलवत राहिला. मग पुढून कुणीतरी तीच ओळ उचलली आणि बघता बघता दोन हजार माणसं गाऊ लागली. कानसेननं हेडफोन काढले आणि डोळे मिटून ऐकत बसला. वीज आली, तरी त्यानं घाई केली नाही. ओळ संपत आली तेव्हा त्यानं गिटार अगदी हलकेच वर आणली, त्या गाण्याला धक्का न लावता. वीज नेमकी कधी आली, हे लोकांना कळलंच नाही.

दुसरी आठवण भोंग्याची. त्याचे वडील जाऊन आठवडा झाला होता आणि कार्यक्रम आधीच ठरलेला. एका गाण्यात त्याचा आवाज फुटला. कानसेननं क्षणात त्याचा माईक खाली घेतला आणि ड्रम वर चढवले. लोक नाचत राहिले. भोंग्याचं रडणं त्या सगळ्या मैदानात फक्त आम्ही दोघांनी ऐकलं.

अशी वीस वर्षं गेली. मग माझ्या एका बटणाची जागा बदलू लागली. ते बारीक, टोकदार आवाजांचं बटण. ड्रमच्या झांजांचा चरचराट त्यातून येतो. पूर्वी कानसेन ते मध्यावर ठेवायचा. आता दर काही महिन्यांनी ते थोडं थोडं पुढे जाऊ लागलं, आणि तो चरचराट वाढू लागला. आयुष्यभर ज्या आवाजांशेजारी तो बसला, त्यांनीच त्याचे कान खाल्ले होते. बारीक आवाज आधी जातात, आणि जाताना सांगून जात नाहीत. त्याला वाटलं, स्पीकर म्हातारे झाले. त्यानं स्पीकर बदलले. ते बटण तरीही पुढेच जात राहिलं.

एकदा एक बाप आपल्या मुलीला खांद्यावर घेऊन आला होता. दुसऱ्याच गाण्याला तिनं कान गच्च दाबले आणि रडायला लागली. बाप तिला घेऊन निघून गेला. भोंग्यानं ते स्टेजवरून पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर मात्र तो कानसेनची पाठ थोपटून म्हणाला, "मस्त झालं रे!"

शेजारी बसणारा लाइटवाला जरा फटकळ. "आज माझे दात शिवशिवले," तो म्हणाला.

"दात घासत जा," कानसेन म्हणाला. सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला.

मागच्या वर्षी बँडमध्ये बास गिटार वाजवायला एक शिक्षिका आली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. एका दुपारी रिकाम्या सभागृहात आवाजाची तपासणी चालली होती.

"काका, फार टोचतंय," ती स्टेजवरून म्हणाली.

"तुम्ही बास बघा, मास्तरीणबाई. टोचणं-बिचणं मी बघतो."

"भोंगादादा, तुम्ही तरी सांगा ना."

भोंगा माईकची वायर गुंडाळत बसला. "माझं आज डोकंच दुखतंय," तो म्हणाला.

ती तरातरा खाली आली. "काका, आज पुढच्या रांगेत माझ्या वर्गातली चाळीस पोरं बसणार आहेत. डोळे मिटा. ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा."

"मला परीक्षा?" कानसेन हसला, पण त्यानं डोळे मिटले.

तपासणीसाठी माझ्यात एक शिट्टी असते. माझा स्वतःचा आवाज तेवढाच. तिनं ती लावली आणि हळूहळू अधिकाधिक बारीक सुरात चढवत नेली. कानसेनचा हात वर होता. थोड्या वेळानं तो खाली आला. शिट्टी चढतच होती. भोंग्यानं कानांत बोटं घातली. लाइटवाला शिडीवरून उतरून आला. कानसेन शांत बसून होता.

"बंद का केलीत? लावा की पुढे," तो म्हणाला.

"चालू आहे, काका."

त्यानं डोळे उघडले आणि भोंग्याची कानांतली बोटं त्याला दिसली.

आयुष्यात पहिल्यांदा मला बोलायला मिळालं होतं, आणि मी हे बोललो.

"कधीपासून?" त्यानं भोंग्याला विचारलं.

"तीनेक वर्षं झाली असतील."

"आणि तू दर वेळी मस्त झालं, मस्त झालं म्हणत होतास."

"जीभच रेटली नाही रे," भोंगा म्हणाला. त्याला वर बघवेना.

कानसेन उठला. त्यानं आपली खुर्ची मास्तरीणबाईंना दिली. "तुमच्या पोरांना सोसेल तिथं आणा." तिनं बटण मागे घेतलं, अगदी मध्यापर्यंत. ड्रमवाल्यानं झांजा वाजवून दाखवल्या.

"मला नुसता त्याचा हात हललेला दिसतोय," कानसेन म्हणाला.

त्यानं त्या बटणावर चिकटपट्टी लावली. सवयीनं बोट जाऊ नये म्हणून.

त्या संध्याकाळी चाळीस पोरांनी उड्या मारल्या, गळे बसेपर्यंत गाणी गायली. एकाचाही हात कानाकडे गेला नाही. कानसेनचं बोट दोनदा चिकटपट्टीपर्यंत गेलं आणि मागे आलं. इतका स्वच्छ आवाज माझ्यातून कित्येक वर्षांत गेला नव्हता. ज्यानं तो जाऊ दिला, त्याला मात्र तो अर्धाच ऐकू आला.

ती त्याची शेवटची कॉन्सर्ट. आता बँडकडे नवं यंत्र आहे आणि ते चालवायला नवा माणूस. मी सरावाच्या खोलीत चादरीखाली असतो. भोंगा अधूनमधून धूळ झटकायला येतो. तेव्हा तो मला काहीतरी सांगू बघतो, पण सांगत नाही.

मी काही दिवसांनी भंगारात जाईन. त्याआधी एक मागणं आहे. कॉन्सर्टमध्ये आवाज कानाला लागला, तर कान झाकून मुकाट्यानं घरी जाऊ नका. आवाज सांभाळणाऱ्या माणसाला गाठा आणि त्याला सांगा. त्याला वाईट वाटेल. तरीही सांगा, आणि जरा मोठ्यानं सांगा.