भाकरीच्या व्हॅनने धरलेली जागा

मित्रांनो, तुर्भ्यात नाल्याच्या कडेने जो रस्ता बाजाराकडे जातो, तिथे भिंतीला खेटून एक पांढरी व्हॅन उभी असते. ती जुनी व्हॅन म्हणजे मी. माझ्या पाठीवर लाल अक्षरांत ‘रंगूबाई भाकरी केंद्र’ असं लिहिलं आहे आणि त्याखाली फोन नंबर. मी पेट्रोलवर चालते. चार महिन्यांनी मला पंधरा वर्षं पूर्ण होतील. व्हॅनच्या आयुष्यात पंधरा म्हणजे म्हातारपण, तेव्हा थोडी बडबड जास्त झाली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. नव्या रंगाचा वास आणि भोंगा वाजला की डबे घेऊन निघणारी माणसं, एवढंच डोळ्यांसमोर येतं. माझे पहिले मालक बेलापूरच्या एका कचेरीत नोकरीला होते. ते मला आठवडाभर कापडाखाली झाकून ठेवत आणि रविवारी पुसून पुन्हा झाकून ठेवत. सुख होतं, पण असल्या सुखाचा कंटाळा येतो.

सहा वर्षांनी जोतीराम मला घेऊन आले. ते मूळचे साताऱ्याकडचे, कांदा-बटाटा बाजारात माथाडी कामगार. गोणी वाहून वाहून त्यांच्या कमरेने दगा दिला, तेव्हा त्यांच्या बायकोने, म्हणजे रंगूबाईने, पदर खोचला आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या भाकऱ्या पोचवायला मी आले. त्यांनी माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, बोनेटवर हळदीकुंकू लावलं. आता आपल्याला काम आहे, या विचाराने मला फार बरं वाटलं.

काम तरी कसं, तर पहाटेपासून रंगूबाई आणि तिच्या चार सोबतिणी तीनशे भाकऱ्या करतात. जोतीराम त्या फडक्यांत गुंडाळून टोपल्यांत रचतात. मग त्यांची मुलगी राजलक्ष्मी मला घेऊन न्हावा शेव्याला निघते. रंगूबाई शेजारच्या सीटवर बसलेली असते. बंदराजवळच्या एका कंटेनर यार्डात कामगारांचं कॅन्टीन आहे, तिथे बारापासून अडीचपर्यंत तीन पाळ्यांत माणसं जेवतात. मी फाटकातून आत शिरले की कुणीतरी म्हणतं, “आली भाकरी.” मित्रांनो, ते लोक भाकरीला म्हणत असत, पण मी ते स्वतःसाठीच धरून चालायची.

आता वाईट दिवसांचंही सांगायला हवं. गेल्या उन्हाळ्यात उरण फाट्याच्या पुढे मी तापले आणि रस्त्यातच बंद पडले. भाकऱ्या पोचल्या तेव्हा माणसं पाव खाऊन कामाला लागली होती. तीनशे भाकऱ्या परत आल्या. कॅन्टीनचा कारभार बघणारे उदयसिंह तसे मनाने वाईट नाहीत, पण त्यांनी रंगूबाईला स्पष्ट सांगितलं.

“रंगूताई, आज सांभाळून घेतलं. पुन्हा असं झालं तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागंल. आन् भाकरीला पेट्रोलचा वास येतोय असं पोरं म्हणत्यात, ते बी बघा.”

परतीच्या वाटेवर रंगूबाई एक भरलेली टोपली मांडीवर घेऊन बसली. माझ्यामुळे तिला मान खाली घालावी लागली, हे मला अजून लागून राहिलं आहे. पाच घरांची चूल त्या यार्डावर चालते.

म्हणून नवी गाडी घ्यायचं ठरलं. पेट्रोलची नको, विजेवर चालणारी छोटी मालगाडी घेऊ, असं राजलक्ष्मीच्या मनात आलं. धूर नाही, वास नाही, इंजिन तापायची भीती नाही. तिने फोनवर फोटो दाखवले. नवी गाडी दिसायला चांगली होती. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू?

“आन् ती चार्ज कुठं करायची?” रंगूबाईने विचारलं.

इथे घोडं अडलं. त्यांची खोली पहिल्या मजल्यावर आणि मी उभी रस्त्याच्या पलीकडे. राजलक्ष्मीने कपडे वाळत घालायची दोरी खिडकीतून खाली सोडून अंतर मोजून पाहिलं. वायर रस्त्यावरून न्यावी लागली असती, आणि त्या रस्त्यावर पोरं खेळतात, टेम्पो जातात. शेजारच्या सत्यभामाबाई जिन्यातून म्हणाल्या, “बाई, कुनाला शॉक बसला तर काय करशील?” राजलक्ष्मीने दोरी गुंडाळून ठेवली. मला मनातून आनंद झाला. बरं झालं म्हटलं, आता माझ्याशिवाय यांचं कसं चालणार?

“आई, टेन्शन नको घेऊ. बाहेर चार्जिंगच्या जागा आहेत. बेलापूरला आहेत, आपल्या बाजाराजवळ पण आहे.”

“ज्याच्या घरात चूल न्हाई, त्यानं दुसऱ्याच्या दारात किती दिस भाकरी थापायची?” रंगूबाई म्हणाली.

तेव्हा कोपऱ्यात भाकऱ्या मोजत बसलेले जोतीराम हळूच म्हणाले, “आपण तुर्भ्यात आलो तवा घरात नळ हुता का? अकरा वर्सं सार्वजनिक नळावर काढली की.”

रंगूबाईचा हात पिठात थांबला. तिला तो नळ चांगलाच आठवत होता. त्या काळी तिची माणसं खोली भाड्याने घेण्याआधी भिंती बघत नसत, भाडंसुद्धा नंतर विचारत. आधी पाण्याच्या वेळी जाऊन नळावरची रांग बघत. रांग कशी आहे, भांडणं किती होतात, पाणी किती वेळ टिकतं, हे बघून मगच खोलीला होकार द्यायचा.

“मग आधी नळ बघायचा,” ती म्हणाली. “आठ दिस. मग सांगते.”

अशी माझी आयुष्यातली सगळ्यात विचित्र नोकरी सुरू झाली. पेट्रोलची व्हॅन रोज चार्जिंगच्या जागा बघत हिंडू लागली. बेलापूरला कचेऱ्यांजवळ सकाळी साहेबलोकांच्या गाड्यांची गर्दी असायची, तीन चार्जरपैकी एक बंद, आणि दुपारी सगळी जागा ओस. रंगूबाई माझं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून बसायची आणि बारकाईने बघायची. किती आल्या, किती वेळ थांबल्या, कोण कोणाशी हुज्जत घालतो. राजलक्ष्मी वैतागायची. “आई, लोक बघतायत.” रंगूबाई म्हणायची, “बघू दे. मी बी बघतीया.”

चौथ्या दिवशी आम्ही तुर्भ्यातल्या बाजाराजवळच्या जागी गेलो. दोन चार्जर होते. एकाला गाडी लागलेली, दुसरा मोकळा. तेवढ्यात गिरणीतून दळण तयार असल्याचा फोन आला.

“हिला मोकळ्या जागेत लाव,” रंगूबाई म्हणाली. “नंबर धरून ठिवायचा. आपण येईस्तवर मागं किती जण थांबत्यात ते कळंल.”

नळावर बायका असंच करत. रांगेत हंडा ठेवायचा आणि घरची कामं उरकून यायचं. हंडा असेल तिथे बाई आहे असं धरत. त्या हंड्याच्या जागी आज मी होते. मला जरा ऐटच वाटली. नव्या गाड्यांच्या जागेवर जुनी उभी, आता या म्हणावं.

आणि आली. एक विजेवरची टॅक्सी आली. चालकाने माझ्याकडे पाहिलं, हॉर्न वाजवला, उतरून माझ्याभोवती फेरी मारली. माझ्या पोटाला वायर लावायला जागाच नाही, हे त्याला लगेच कळलं. त्याने पाठीवरचा नंबर बघून फोन लावला. दहा मिनिटांनी रंगूबाई पिठाचा डबा कडेवर घेऊन धापा टाकत आली, मागून राजलक्ष्मी पिशव्या घेऊन. तोवर त्याच्या फोनवर काहीतरी वाजलं आणि त्याने कपाळावर हात मारला.

“मावशी, ही पेट्रोलची गाडी आहे ना? इथे कशाला लावली?”

“नंबर धरला हुता रं बाबा. नळावर हंडा ठिवत्यात तसा.”

“हंडा भरायला ठेवतात ना? ही इथे भरणारच नाही. माझ्याकडे चार टक्के चार्ज आहे. पनवेलचं भाडं होतं, गेलं ते. दहा मिनिटं आधी लावली असती तर पोचलो असतो.”

रंगूबाईने पिठाचा डबा खाली ठेवला. नळावर कुणी दांडगाईने जागा अडवली की ती भांडायला सगळ्यात पुढे असायची. आज तिनेच एका तहानलेल्याची जागा अडवली होती. “चुकलं माझं,” ती म्हणाली. “आदी गाडी लाव. मग मला काय बोलायचं ते बोल.” माझी ऐट तिथेच उतरली. दुसऱ्याची सोय अडवून मिरवणाऱ्या वस्तूला लाज वाटायला हवी, आणि मला ती वाटली.

चार्ज व्हायला वेळ लागणार होता. राजलक्ष्मीने टोपलीतून भाकरी, पिठलं आणि ठेचा काढून त्याला दिला. त्याचं नाव कुलदीप. भाकरीचा दुसरा तुकडा मोडेपर्यंत त्याचा राग निवळला.

“घरी चार्जिंग नसेल तर घेऊ नये का?” राजलक्ष्मीने विचारलं.

“माझ्या घरी कुठे आहे? चौथ्या माळ्यावर राहतो मी,” कुलदीप म्हणाला. “दोन वर्षं झाली. दोन जागा हाताशी ठेवायच्या, एक बंद तर दुसरी. पण मावशी, खरी गोष्ट सांगू? गाडीला मुद्दाम खायला न्यावं लागलं की वैताग येतो. तुमची गाडी दिवसा कुठे उभी असते ते बघा. जिथे ती अशीही उभी असते, तिथेच खायला घाला.”

मित्रांनो, तुम्हाला वाटेल गाडी म्हणजे धावणारी वस्तू. पण एखाद्या गाडीला विचारा. आमचं निम्म्याहून जास्त आयुष्य उभं राहण्यात जातं. मी रोज कुठे उभी राहते हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. सकाळपर्यंत माझ्या मनात या नव्या गाडीचा डाव फसावा असं होतं. आता मात्र तो जमावा असं वाटू लागलं होतं. पण गाडीला तोंड नसतं, फक्त हॉर्न असतो.

दुसऱ्या दिवशी यार्डात भाकऱ्या उतरवून झाल्या. पहिली पाळी जेवायला बसली. मी नेहमीसारखी गोदामाच्या भिंतीशी उभी होते. शेजारी माल उचलायचं यंत्र, ज्याला तिथे फोर्कलिफ्ट म्हणतात, वायर लावून चार्ज होत होतं. त्याचा चालक आत भाकरी खात होता. रंगूबाई रिकाम्या टोपल्या घेऊन बाहेर आली, यंत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि टोपल्या खाली ठेवून तिथेच उभी राहिली.

“राजे,” ती म्हणाली, “ही हितं किती वेळ थांबती?”

“बारा ते अडीच. रोज.” आणि बोलता बोलता राजलक्ष्मीच्या डोक्यात उजेड पडला. “आई, साध्या मोठ्या प्लगवरसुद्धा तेवढ्या वेळात रोजच्या फेरीचा निम्मा चार्ज होईल. उरलेला आठवड्यातून दोनदा बाजाराजवळ.”

पण मागायचं कुणाकडे, तर ज्यांनी काम काढून घेईन असं बजावलं होतं, त्याच उदयसिंहांकडे. रंगूबाईने हात पुसले आणि गेली. मी कॅन्टीनच्या उघड्या दारातून सगळं ऐकत होते.

“फुकट लाईट मागताय काय, रंगूताई?”

“फुकट न्हाई. मीटर बसवा. जळंल तेवढं देते.”

“आन् आमचा काय फायदा?”

“तुमचा फायदा असा, का भाकरी येळंत येईल आन् तिला वास येणार न्हाई. गाडी बंद पडली त्या दिवशी तुमची मानसं पाव खाऊन राबली, ते मला अजून गिळत न्हाई. मानसं जेवत्यात तवर गाडी बी जेवंल, एवढंच मागतीया.”

उदयसिंहांनी दारातून एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, “माझ्या हातात नाय. मोठ्या साहेबांना विचारतो.”

उत्तराची वाट बघण्यातले आठ दिवस आम्हा सगळ्यांना फार जड गेले. रंगूबाईच्या दोन भाकऱ्या करपल्या, जे कधी होत नाही. नवव्या दिवशी उदयसिंह स्वतः फाटकापर्यंत आले. “हो म्हणालेत. बारा ते अडीच, एक मिनिट जास्त नाही. पोरांनी सही करून अर्ज दिला होता, भाकरी बंद नको म्हणून. मला पण आत्ताच कळलं.”

रंगूबाईने पदराने डोळे टिपले. मग ती मुलीकडे वळली आणि म्हणाली, “घे गाडी.”

नवी गाडी उद्या सकाळी येणार आहे. आज मी शेवटच्या खेपेला यार्डात आले. भिंतीशी पिवळ्या रंगाचा एक नवा चौकोन आखलेला होता आणि त्यावर कुणीतरी मोठ्या अक्षरांत ‘भाकरी’ लिहिलं होतं. वरती भिंतीवर नवा कोरा प्लग. एका ट्रकवाल्याने तिथे ट्रक घुसवायचा घाट घातला होता. राजलक्ष्मीने मला पटकन त्या चौकोनात लावलं, रंगूबाईने माझ्या छपरावर थाप मारली आणि म्हणाली, “हिला आज हंडा म्हना. या बारीला जागा हक्काची हाय.”

मित्रांनो, मला उद्या एक माणूस घेऊन जाईल आणि माझे सुटे भाग इकडेतिकडे कामाला लागतील. त्याचं मला दुःख नाही. माझं एकच मागणं आहे. कोणतीही वस्तू घरात आणण्याआधी तिच्या दाण्यापाण्याची सोय कुठे आहे ते स्वतः जाऊन बघा, दुसऱ्याच्या तहानेची जागा अडवू नका, आणि ज्या वस्तूने तुमचं ओझं वाहिलं तिला निरोप देताना एक थाप द्या. मला ती मिळाली. जवळजवळ नऊ वर्षं मी दुसऱ्यांचं जेवण वाहिलं, आणि शेवटच्या दिवशी, जिला मी अजून पाहिलंही नाही, तिच्या जेवणाची जागा धरून उभी राहिले.