वरातीमागून ट्रेलर

मित्रांनो, मी एक ट्रेलर आहे. मला जुना म्हणा, माझी हरकत नाही. पण भंगार म्हणू नका. तो शब्द मी एकदा वजनकाट्यावर उभं राहून ऐकला आहे आणि अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म बुऱ्हाणपुरातल्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. दोन चाकं, लोखंडी पाठ, पुढे लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला हुक, एवढाच माझा संसार. एका मंडपवाल्यानं मला जनरेटर वाहायला करून घेतलं होतं. 'वरातीमागून घोडं' असं लोक म्हणतात. आमच्याकडे घोडं पुढे असायचं आणि वरातीमागून मी यायचो. माझ्या पाठीवर जनरेटर धडधडायचा आणि त्याच्या वायरींवर सगळी वरात उजळायची. मी खड्ड्यात रुतलो की वायरी तुटून दिवे जात. मग नवरदेवाला घोड्यावर तसाच सोडून सगळे वऱ्हाडी मला ढकलायला धावत. जसोंडी म्हणू नका, असीरगड म्हणू नका, कुठल्या गावची धूळ मी खाल्ली नाही? लोक माझ्या चाकांपुढेही नारळ फोडायचे. फार मानाचे दिवस होते ते.

पुढे बॅटरीचे दिवे आले आणि माझी गरज संपली. भंगारवाल्याच्या काट्यावर माझं वजन चाललं होतं, तेव्हा नंदकुमार कडू तिथे आले. आयटीआयमध्ये त्यांनी जन्मभर मुलांना फिटरचं काम शिकवलेलं आणि नुकतेच निवृत्त झालेले. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात. मुलानं लोखंड घासून आणलं की हे प्रकाशात धरून बघणार आणि म्हणणार, "अजून थोडं." त्यांनी मला वाकून, ठोकून बघितलं, जीपमागे जोडलं आणि घरी आणलं. त्या दिवशी मला पुन्हा जन्म मिळाल्यासारखं वाटलं.

मास्तरांच्या पत्नी, वंदनाबाई, अंगणात कपडे वाळत घालत होत्या.

"अहो, हे जनरेटरचं गाडं काहून आणलं घरी?"

"याच्यावर तंबू चढवतो. टपावर, घडीचा. जंगलात नेऊन उभा करायचा आन् वर झोपायचं. खाली साप-विंचू, वर आपण. टेन्शनच नाही."

वंदनाबाईंच्या हातातला ओला टॉवेल हातातच राहिला. "म्हणजे माळा? आमच्या वावरातल्यावानी?"

"माळाच. पन चाकावरचा."

वंदनाबाईंचं माहेर फोपनार. लहानपणी त्यांच्या वावरात ज्वारी असायची आणि ती राखायला वडिलांनी चार लाकडांवर माळा बांधलेला असायचा. त्या वडिलांबरोबर वर झोपत आणि दिवस उगवला की गोफण फिरवून पाखरं हाकलत. आता तिथे केळी आहे. त्यांचे भाऊ समाधान वावराभोवती झटका मशीनची विजेची तार लावतात. रानडुकरांना ती पुरते, माळा कुणी बांधत नाही. वंदनाबाई माहेरी वर्षातून दोनदा जातात, पण निजतात पंख्याखाली, पलंगावर. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मास्तरांना म्हणाल्या, "मग मले पहिले फोपनारले न्या. बाकी जग मागून पाहू."

मित्रांनो, त्यांची मागणी एवढीच होती. फोपनार इथून इतकं जवळ की सकाळची भाजी चुलीवर असताना निघालं तर दुपारचं जेवण तिथे होतं.

मास्तर कामाला लागले. माझ्या पाठीवर पेटी बसवली. पेटीला रबराची पट्टी लावली, म्हणजे धूळ आत शिरायला नको. मागे ओढून बाहेर येणारा ओटा केला, त्यात शेगडी. एका अंगाला पाण्याची टाकी आणि नळ. तंबूचं कापड इथल्याच यंत्रमागावरचं, त्यावर मेण चढवलेलं, शिंप्याकडे बसून स्वतः शिवून घेतलेलं. कौतुक तर मला इतकं मिळालं, की लोक गल्ली ओलांडून बघायला येत. मीही हुरळून गेलो, खोटं कशाला सांगू? ऊन लागू नये म्हणून मास्तरांनी माझ्यावर पोर्चचा स्लॅब टाकला आणि फाटकावर सुरेख कमान बांधली. कमानीत गणपतीची फरशी बसवली. टायर खराब होऊ नयेत म्हणून मला विटांवर टेकवलं.

तेव्हापासून माझी चाकं जमिनीला लागली नाहीत.

पहिल्या दसऱ्याला निघायचं ठरलं होतं. वंदनाबाईंनी डबे भरले. पण आदल्या दिवशी मास्तर म्हणाले, "शिडीचं लॅच अजून ढिलं आहे. आठवडाभर थांब." साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त असा चुकवायचा, हे वंदनाबाईंना पटेना. त्यांनी आपल्या आईची रीत केली. एका खणात मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलं आणि ती पुरचुंडी समोरच्या गोदाबाईंकडे ठेवून आल्या. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मुहूर्तावर माणसाला निघता आलं नाही, तर त्याची वस्तू घराबाहेर जाते. ती निघाली म्हणजे माणूस निघालाच. पण एक अट असते, ठेवलेलं प्रस्थान घरात परत आणायचं नाही. माणसानं मागून निघायचं आणि वाटेत ते उचलायचं.

पुरचुंडी गोदाबाईंच्या खुंटीवर लटकली. लॅच झालं, मग मास्तरांना वाटलं की माझी उंची कमी आहे. खडकाळ रस्त्यावर पोट घासेल. त्यांनी मोठे टायर लावले, स्प्रिंगचे पाटे एक्सलच्या खालून काढून वर बसवले. पेटीचं झाकण पुरतं उघडावं म्हणून तंबू पाइपांच्या चौकटीवर उचलला आणि चौकट वेल्डिंगनं पक्की केली, तिच्यावर दिवे आणि जादा टायरचा स्टँड बसवला. फोपनार मागे पडलं, पचमढीचं नाव आलं. मग कच्छ. मग लडाख! लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. मास्तरांनी त्यात ट्रेलर पाहावा सुधारून हे आणखी जोडलं.

आणि मी? माझं तोंड भिंतीकडे. भिंतीवर एक पाल, तिचा आणि माझा दिवस सारखाच जायचा. तंबू घडी घालून पट्ट्यांनी आवळलेला, त्याला आत श्वास घेता येत नव्हता आणि त्याचं ओझं माझ्या मानेवर. लग्नसराईत गल्लीतून वरात जायची. बँडचा आवाज आला की माझं सगळं लोखंड थरथरायचं. मागे वळून बघावं म्हटलं तर वळता येत नाही. मागच्या बाजूला ती कमान होती. माझी उंची वाढत जाताना मला कळत होतं की मी आता तिच्यापेक्षा उंच झालो आहे. सगळ्या वस्तूंची मापं घेणाऱ्या मास्तरांनी हे एक माप घेतलं नव्हतं. सांगणार कसा? मला तर हॉर्नसुद्धा नाही.

दसरे येत राहिले. गोदाबाई फाटकातून ओरडायच्या, "वंदना, तुह्या प्रस्थानाचा रंग उडाला वं! खुंटी मले दुसऱ्या कामाले पाहिजे." वंदनाबाई हसायच्या. मग हळूहळू हसणंही कमी झालं.

एके दुपारी मास्तर बाजारात गेले होते. वंदनाबाई माझ्याजवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि शिडीवर पाय ठेवला. एक पायरी चढल्या. दुसरीवर त्यांच्या गुडघ्यात कळ आली. त्या तिथेच दांडी धरून उभ्या राहिल्या, मग कशाबशा उतरल्या आणि माझ्या दांड्यावर बसून रडल्या. आवाज न करता रडल्या. मी आयुष्यात पुष्कळ नवऱ्या सासरी जाताना रडलेल्या पाहिल्या आहेत, पण इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मास्तर नवे पाइप घेऊन आले. "लडाखले बर्फ राहते. तंबू अजून हातभर वर घेतो."

त्या दसऱ्याला सकाळी वंदनाबाईंनी देवाला हळदकुंकू वाहिलं, पिशवीत दोन साड्या टाकल्या आणि फाटकाबाहेर पडल्या. समोर गोदाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मास्तर लेंग्यावरच धावत फाटकात आले.

"अवं, कुठं चालली?"

"चालली नाही, गेली. प्रस्थान ठेवलं. या खेपेला पुरचुंडी नाही, मीच." त्यांचा आवाज शांत होता. "आन् प्रस्थान घरात परत येत नसते. तुम्ही मागून या. तुमचा ट्रेलर घेऊन."

"लोक काय म्हनतील?"

"लोक म्हनतील का मास्तर येऊन राहिले," गोदाबाई आतून म्हणाल्या. "मी तिच्यासाठी चहा ठेवला. तुमचा नाही ठेवला."

मास्तरांनी तडक विटा काढल्या. माझी चाकं किती वर्षांनी जमिनीला टेकली! त्यांनी मला ढकलत, वळवत फाटकाशी आणलं आणि मग वर पाहिलं. तंबू कमानीच्याही वर जात होता. मास्तर कमानीकडे, माझ्याकडे, समोरच्या ओट्याकडे पाहत राहिले. गणपतीची फरशी फोडायची छाती कुणाची? त्यांचा चेहरा असा झाला, जसा नापास झालेल्या मुलाचा होतो.

मग ते आत गेले आणि ग्राइंडर घेऊन आले. आपणच केलेलं वेल्डिंग आपणच कापू लागले. ठिणग्या उडत होत्या आणि ते माझ्याशी बोलत होते, दुसरं तिथे कुणी नव्हतं. "लग्न झालं तवा तिले स्कूटरवर ओंकारेश्वरले नेलं होतं. अर्ध्या वाटेत बंद पडली. भर उन्हात दोन कोस पायी चालली बिचारी. तवा ठरवलं होतं, की आता नेली तर वाटेत काही तुटायला नको. काहीच." मित्रांनो, मला त्यांचा राग होता. तो तिथे गळून पडला.

पाइपांची चौकट गेली. वरचे दिवे गेले, जादा टायरचा स्टँड गेला. तंबू सरळ पेटीवर बोल्टनं बसवला. झाकण आता अर्धंच उघडतं. टायरही जुने, छोटे लावले. दुपार कलताना जीप सुरू झाली आणि मी कमानीखालून निघालो. तंबूचं कापड वरच्या फरशीला जेमतेम घासून गेलं. गल्लीत आल्यावर मला रडू येईल असं वाटलं. वंदनाबाई जीपमध्ये बसल्या आणि गोदाबाईंनी खुंटीवरची पुरचुंडी त्यांच्या ओटीत टाकली.

फोपनारला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. केळीच्या बागेत तंबू उघडला. पण शिडी होती तशीच उभी, आणि गुडघेही तेच. वंदनाबाई खालीच थबकल्या. मास्तर शिडीची दांडी हातात धरून उगाच हलवत राहिले. समाधानभाऊंनी ते पाहिलं. ते शेडमध्ये गेले आणि केळीचे रिकामे क्रेट ओढत घेऊन आले. एक, मग दोन, मग तीन असे उतरंडीसारखे रचले. झाल्या पायऱ्या.

"दाजी, तुम्ही त्या बाजूनं धरा. ताई, घाई नको करू."

एका हाताला भाऊ, एका हाताला नवरा, अशा त्या चढल्या. वर पोचल्यावर त्या तंबूत आडव्या झाल्या. मग खाली ऐकू आलं, "पानं वाजतात. ज्वारीवानी नाही वाजत, पन वाजतात."

सकाळी त्यांनी वर बसून पुरचुंडी सोडली. इतक्या वर्षांत तांदळाला किडे लागले होते. त्यांनी चिमूटभर उचलले आणि खाली मोकळ्या जागेत फेकले. पाखरं उतरली. पुन्हा चिमूट, पुन्हा पाखरं. लहानपणी याच वावरात, एवढ्याच उंचीवरून, त्यांनी गोफणीनं हाकलली होती ती याच जातीची पाखरं. खाली मास्तर माझ्या शिडीशी वाकले होते. खिशातून पाना निघाला.

"पाना ठेवा," वरून आवाज आला. मास्तरांनी ठेवला.

परत आलो तेव्हा मास्तर मला फाटकात वळवू लागले. वंदनाबाई म्हणाल्या, "आत नका नेऊ. गोदाबाईच्या दारात राहू द्या. प्रस्थान समजा त्याले."

"ऊन लागंल त्याले."

"लागू द्या. आपल्याले बी लागते."

तेव्हापासून मी गल्लीत उभा आहे. बकऱ्या माझ्यावर चढतात, माझा रंग उडतो आहे, हुक थोडा गंजला आहे. वरात येते तेव्हा माझं तोंड तिच्याकडे असतं. मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी चांगली वस्तू जपून, झाकून ठेवलेली असेल. तिला पुसा, तेल द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तिला बाहेर काढा. ज्या माणसासाठी ती आणली, त्याचे गुडघे शाबूत आहेत तोवर काढा.